रणगाड्यांच्या वाटेवरचा म्हसोबा

सीटखाली हात घातल्याबरोबर यशवंतरावांच्या बोटांना ते लागलं. रुपयाएवढं, गोल, गुळगुळीत, आणि काळ्या चिकटपट्टीनं फ्रेमला डकवलेलं.

"अस्सं," ते गॅरेजच्या भिंतीला म्हणाले.

मागच्या रविवारी मयुरेश नेकारसुल्महून आला होता आणि वडिलांची गाडी पुसून देतो म्हणाला होता. संशय तेव्हाच यायला हवा होता. स्वतःची कार जो मुलगा धुलाईच्या मशीनखाली ढकलून मोकळा होतो, तो बापाच्या जुनाट टू-स्ट्रोक एन्ड्युरो मोटरसायकलला फडका मारतो, याचा अर्थ तो पुसत नसतो, काहीतरी डकवत असतो. बाप कुठे जातो ते मोबाइलवर बघायची चकती होती ती.

यशवंतरावांनी चकती काढली. फेकली नाही, फेकली तर ती बंद पडली हे मयुरेशला कळलं असतं. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लेमान यांची चाकांची बाजारपिशवी जिन्यात उभी होती. तिच्या तळाला त्यांनी चकती डकवली, पट्टी अंगठ्यानं नीट दाबली आणि हेल्मेट चढवलं. आता मुलाला खुशाल दिसू दे, वडील आज फार गुणी माणसासारखे पायी हिंडतायत, बेकरीत थांबतायत, भाजी घेतायत.

ड्रेस्डेनच्या बाहेर पडल्यावर त्यांनी हमरस्ता सोडला आणि गावागावांतून उत्तरेची वाट धरली. आरशात एक पांढरी गाडी बराच वेळ दिसत होती. तिचाही त्यांना संशय आला. ती एका गोठ्याकडे वळली, दुधाची होती.

यशवंत खळदकर हा माणूस ड्रेस्डेनच्या मराठी मंडळात थापांबद्दल प्रसिद्ध होता. वय एकाहत्तर, शिक्षण मेकॅनिकल, आयुष्यभराचं काम मोटरसायकलचे शॉक अॅब्सॉर्बर खराब रस्त्यावर आपटून बघण्याचं. गणपतीत आरती झाली की डॉक्टरेट करणारी पोरं त्यांच्याभोवती जमत. मग रशियन कर्नलनं आंब्याच्या लोणच्याच्या बरणीच्या बदल्यात रणगाडा चालवायला दिला, लांडगा सीटवर मागे बसून चौकापर्यंत आला आणि सिग्नल लाल होता म्हणून उतरला, अशा हकिगती निघत. पोरं हसत. बायको लताबाई होत्या तोवर कोपऱ्यातून म्हणत, "लांडगा मागच्या वर्षी चालत आला होता हो." त्या गेल्यावर दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही, आणि थापा जरा सैल झाल्या.

पण त्यांतली एक हकिगत खरी होती. नेमकी तीच मयुरेशला सगळ्यांत खोटी वाटली.

ती अशी. बर्लिनची भिंत पडून थोडी वर्षं झाली होती. पुण्याच्या कारखान्यानं दोन माणसं इकडे धाडली, यशवंत आणि राजाभाऊ ठोंबरे. ड्रेस्डेनजवळच्या एका छोट्या वर्कशॉपबरोबर नवे शॉक अॅब्सॉर्बर तपासायचे होते. लाउझिट्झच्या रानात रशियन सैन्याचं सरावाचं मैदान नुकतंच ओस पडलं होतं. रणगाड्यांनी झाडं, गवत, माती सगळं दळून टाकलेलं, उरली होती फक्त वाळू. मैलोगणती वाळू, भर जर्मनीत. लोक त्या जागेला वुस्टं म्हणत, म्हणजे वाळवंट. त्यात रणगाड्यांच्या जुन्या वाटेवर हे दोघं आणि एक जर्मन पोरगा रोज गाड्या पळवत. एका वळणावर तिघंही आपटले. वेगवेगळ्या दिवशी, पण त्याच हातभर जागेत.

राजाभाऊ खाली बसला, वाळू मुठीत घेऊन म्हणाला, "येशा, इथे कोणीतरी आहे. काहीतरी मागतंय."

आपल्या घाटात ड्रायव्हर जे करतात ते मग या दोघांनी केलं. गुडघ्याएवढा दगड हुडकून वळणावर बसवला. प्रश्न शेंदराचा होता. वर्कशॉपमध्ये लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावायच्या रंगाचा डबा होता, मेनिगं नावाचा. राजाभाऊनं झाकण उघडून बोटावर घेतला, चोळला, वास घेतला. "अरे हा शेंदूरच आहे की. नाव बदलून नोकरीला लागलाय." आणि तो होताही तोच, शिशाचा लाल भुगा. तेलात कालवून दगडाला फासला. बेअरिंगमधल्या दोन पोलादी गोळ्या राजाभाऊनं स्वतःच्या हातानं चिकटवून डोळे केले. नारळ फोडला. त्यानंतर तिथे कोणी पडलं नाही. दोघंही तिथे हात जोडायला गाडी हळू करत, हे त्याचं कारण असावं, पण म्हसोबाचं श्रेय कशाला काढून घ्या.

पुढे राजाभाऊ पुण्याला परतला, यशवंत राहिला.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मयुरेशनं हा विषय काढला. यशवंतराव शेगडीवर सूप तसंच ठेवून खाली गेले होते, गॅरेजमध्ये गाडी अंगावर घेऊन पडले होते, आणि त्यावर एक चांगलीशी थापही मारली होती. मुलाला हसू आलं नाही.

"बाबा, तुम्हाला आता खरं काय आणि रचलेलं काय, ते कळतं का?"

"मला कळतं. ऐकणाऱ्याला कळू नये एवढीच खबरदारी घेतो."

"मी सिरियसली विचारतोय. तुम्ही आमच्याकडे नेकारसुल्मला या. फ्लॅट सोडा. ती गाडी विका."

"का? तो म्हसोबासुद्धा रचलेला वाटतो तुला? राजाभाऊला विचार."

मयुरेशनं तिथल्या तिथे पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. राजाभाऊ पडद्यावर आला, केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. मयुरेशनं विचारलं, "काका, जर्मनीत तुम्ही दोघांनी वाळवंटात म्हसोबा बसवला होता?"

राजाभाऊ गोड हसला. "छे हो. कसला म्हसोबा? मोठे विनोदी आहेत तुमचे वडील." आणि मग यशवंतरावांकडे वळून, "तब्येतीला जपा तुम्ही."

तुम्ही! चाळीस वर्षं येशा म्हणणारा माणूस. वसुधावहिनींनी लगेच "रेंज नाही हो नीट" म्हणत फोन काढून घेतला, तोही जरा घाईनंच.

यशवंतरावांनी ओळखलं. स्पृहाच्या, म्हणजे राजाभाऊच्या मुलीच्या लग्नाला ते गेले नव्हते. त्याचा राग. भर पडद्यावर अहोजाहो करून राजाभाऊनं टोला हाणला होता. आणि मयुरेश त्यांच्याकडे फार मऊ नजरेनं बघत होता, दवाखान्यात बघतात तसं.

"डोळेवाला दगड मला फोटोत दाखवा," तो म्हणाला. "मग मी गप्प बसतो. नाहीतर गाडीची चावी माझ्याकडे. चालेल?"

"चालेल," यशवंतराव म्हणाले. एकटे जाणार हे त्यांनी सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर तो बरोबर आला असता, आणि बरोबर आलेला माणूस वाटेतच चावी मागतो.

वाळवंट आक्रसलं होतं. जिथून क्षितिजापर्यंत वाळू दिसायची तिथे आता बर्चची पांढरी खोडं उभी होती, त्यांच्या पायाशी हायडं, म्हणजे इथलं रानझुडूप, जांभळा फुललेला. पाट्या तेवढ्या वाढल्या होत्या. प्राण धोक्यात, जमिनीत जुना दारूगोळा, प्रवेश बंद. यशवंतरावांनी पाट्या वाचल्या, सगळ्या समजल्या, आणि जुन्या कालव्याच्या बाजूनं मागून शिरले.

वाळू लागली तसे ते फूटपेगवर उभे राहिले. गुडघे कुरकुरले, पण विसरले नव्हते. वाळूत गाडी हाकायची नसते, तिला तिच्या मनानं जाऊ द्यायचं आणि आपण फक्त हो म्हणायचं. पुढचं चाक डावीउजवीकडे पोहत होतं, धुराचा निळा वास नाकात बसत होता. एक चढ आला, तोच. मग पाइनचं वठलेलं झाड. नाही, झाड या बाजूला नव्हतं. की होतं? त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केल्यावर शांतता इतकी झाली की त्यांना स्वतःचाच संशय आला. इतक्यांदा सांगितलेली हकिगत. सांगताना दर वेळी थोडी कल्हई केलेली. आतलं भांडं होतं ना नक्की?

ते पुढे निघाले, आणि वळणावर तो होता.

केशरी. झगझगीत, ओला वाटावा असा ताजा. भोवतालचा हायडं हातभर साफ केलेला.

यशवंतराव गाडीवरच बसून राहिले. पाऊस, बर्फ, एवढी वर्षं. रंगाचा टवकासुद्धा राहायला नको होता. म्हणजे कोणीतरी येत होतं.

दुसरं कोण? या जगात हा दगड देव म्हणून दोघांनाच ठाऊक. एक इथे गाडीवर बसलाय. स्पृहा म्यूनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, एका दिवसात येऊन जाता येतं. म्हणजे राजाभाऊ दर वर्षी पोरीला पाठवून देवाला शेंदूर लावतो, आणि माझ्या मुलासमोर कसला म्हसोबा म्हणतो. काय बेरकी माणूस. एका लग्नाचा केवढा सूड.

त्यांना भयंकर राग आला. आणि गंमत अशी की त्या रागात ते हसत होते. राजाभाऊला सगळं आठवत होतं तर.

खिशातला फोन वाजला.

"बाबा, तुम्ही सुपरमार्केटात एवढा वेळ काय करताय?" मयुरेशनं विचारलं. "बरं वाटतंय ना?"

"फ्रोझन मटारचे भाव बघतोय."

"आणि वाऱ्याचा आवाज?"

"मटारच्या फ्रीजचा. उघडा ठेवलाय कोणीतरी. ठेव आता."

त्यांनी दगडाजवळ जाऊन गुडघे टेकले. डोळे नव्हते. केशरी रंगाखाली सगळं सपाट. फोटोत येणार होता तो नुसता रंगवलेला दगड, आणि मयुरेश म्हणणार होता, हे काय दाखवताय. त्यांनी तळवा फिरवला. अंगठा एका उंचवट्यावरून गेला. मग दुसऱ्या. दोन टणक, गोल फुगवटे, बरोबर राजाभाऊनं बसवले होते तेवढ्या अंतरावर. वर रंगाचे थरावर थर चढलेले. त्यांनी गाडीची चावी काढली आणि टोक एका फुगवट्यावर ठेवलं.

"हात बाजूला. उभे राहा."

मागे हिरव्या जाकिटातली बाई उभी होती. पन्नाशीची, कमरेला वॉकीटॉकी, शेजारी धुळकट जीप. वनखात्याची फॉर्स्टर, छातीवरच्या पट्टीवर नाव नोआक. तिची नजर आधी चावीकडे गेली, मग त्यांच्या खिशांकडे, मग गाडीच्या पेट्यांकडे.

"काय उकरताय? काडतुसं? हेल्मेटं? विकायला?"

"काहीच नाही. दगड बघतोय."

"कमाल आहे, या वयात असली चोरी," ती म्हणाली आणि तिनं स्वतः पेट्या उघडल्या. आत एक पाना, एक प्लग आणि स्टीलच्या डब्यात गुळपोळी. गुळपोळी तिनं बराच वेळ न्याहाळली. यशवंतरावांनी एक पुढे केली. तिनं नको म्हटलं, पण आवाज थोडा उतरला.

"मी पूर्वी इथे कामाला होतो," ते म्हणाले. "गाड्यांच्या टेस्टिंगला. रशियन गेल्यावर लगेच."

"खरं?" बाई थबकली. "मग मला एक सांगा. हा दगड कोण रंगवतं असं तुम्हाला वाटतं?"

"एक मुलगी. म्यूनिककडून येते."

"मी रंगवते," नोआकबाई म्हणाल्या.

यशवंतरावांना वाटलं, आपलं जर्मन कच्चं पडलं.

"दर वसंतात. माझ्या आधीचे फॉर्स्टर निवृत्त होताना सांगून गेले, हा दगड दर वर्षी रंगवायचा. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं."

"कशासाठी?"

"रंग उडू नये म्हणून." यात विचारण्यासारखं काय होतं ते नोआकबाईंना कळलं नाही. "पूर्वी मेनिगं लावायचे. मग शिशाच्या रंगावर बंदी आली, आता मी झाडांवर खुणा करायचा स्प्रे वापरते. दारूगोळा काढणारे आले, तेही हा बघून बाजूनं गेले. फिरायची नवी वाट आखली, ती यानं वळवली. हरकत घेतो कोण? केशरी आहे म्हणजे कोणत्यातरी ऑफिसचा असणार. कोणतं ऑफिस, ते मात्र मी सगळीकडे विचारलं, कोणाला माहीत नाही." त्या वाकल्या आणि बोटानं फुगवटे दाखवले. "हे दोन मोजणीचे पॉइंट असावेत. त्यांना मी एक हात जास्त मारते."

यशवंतरावांनी त्या फुगवट्यांवर पुन्हा अंगठा टेकवला.

कोणी मुलगी येत नव्हती. राजाभाऊनं कोणाला पाठवलं नव्हतं. सूड नव्हता, बेरकीपणा नव्हता. त्याची इस्त्री, त्याचं गोड हसू, ते तुम्ही, आणि वहिनींनी घाईघाईत काढून घेतलेला फोन. ज्याच्या बोटांनी या गोळ्या बसवल्या त्यानं कसला म्हसोबा म्हणून विचारलं होतं, आणि तो खरंच विचारत होता.

"तुम्ही इथे होतात," नोआकबाई म्हणाल्या, "तर तुम्हाला ठाऊक असेल. हे काय आहे नक्की?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी यशवंत खळदकरांकडे खरी हकिगत मागत होतं, आणि ऐकायला सरकारी गणवेशात उभं होतं. त्यांनी तोंड उघडलं. सांगितली असती तर बाईंनी ऐकून घेतली असती, वर कळवली असती, आणि पुढच्या वसंतात दगड कोरा राहिला असता.

"मोजणीचा पॉइंट," ते म्हणाले. "गेनाऊ, अगदी बरोबर. फार महत्त्वाचा."

"मला वाटलंच होतं." बाईंचा चेहरा खुलला. "मग रंगवत राहू?"

"राहा. जमलं तर थोडं तेल चोळा वरून. टिकतो."

"हो, हो," म्हणत त्यांनी ते ध्यानात ठेवलं आणि जीपकडे गेल्या, वॉकीटॉकीवर कळवायला, की एक म्हातारे गृहस्थ आहेत, निरुपद्रवी आहेत.

त्यांची पाठ वळली होती. चावी अजून यशवंतरावांच्या हातात होती. एक ओरखडा पुरला असता. केशरी पापुद्र्यातून पोलाद चमकलं असतं, फोटो निघाला असता, मयुरेश गप्प बसला असता. पण मयुरेश हुशार होता. दोन म्हाताऱ्यांतला एक भ्रमिष्ट झालाय हे त्यानं ठरवलेलंच होतं. आता त्यानं फक्त नाव बदललं असतं, आणि काळजीपोटी स्पृहाला फोन लावला असता. मग पुण्यातही कोणीतरी राजाभाऊकडे त्या मऊ नजरेनं बघायला लागलं असतं. कदाचित बघतही असतील. पण ते आपल्या ओरखड्यानं नको.

त्यांनी चावी खिशात टाकली आणि दगडाला हात जोडले, बाई बघत नाहीत असं बघून.

"दंड करत नाही," नोआकबाई परत येऊन म्हणाल्या. "पण इंजिन चालू करायचं नाही. इथे पक्षी अंडी घालतात. डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत न्यायची."

"अंडी वसंतात घालतात ना?"

"नियम वर्षभर असतो."

वाळूत एन्ड्युरो ढकलणं म्हणजे नको म्हणणाऱ्या म्हशीला पाण्याबाहेर काढणं. यशवंतरावांनी हँडल धरलं, कंबर वाकवली आणि निघाले. मागून जीप पावलापावलानं येत होती, पळून जातील या संशयानं की पडतील या भीतीनं, ते बाईंनाच ठाऊक. चढाच्या माथ्यावर त्यांनी दम खाल्ला आणि आधी मुलाला फोन लावला.

"मयुरेश, मी मटारपाशी नाही. वाळवंटात आलोय."

"बाबा." मग, "दगड सापडला?"

"नाही."

"बरं." मुलाचा आवाज जिंकलेल्या माणसासारखा अजिबात नव्हता. "मी रविवारी येतो मग. चावीचं तेव्हा बघू."

"ये. गुळपोळ्या आहेत."

मग त्यांनी पुण्याचा नंबर लावला. वसुधावहिनींनी उचलला.

"वहिनी, यशवंत. कधीपासून आहे हे?"

काय, ते वहिनींनी विचारलं नाही. "पाडव्यापासून वाटत होतं, भावजी," त्या हळू म्हणाल्या. "त्या दिवशी फोन बंद झाल्यावर यांनी मला विचारलं, हे गृहस्थ कोण होते, फार रागावलेले दिसले. स्पृहाला सांगितलं नाही अजून. दिवाळीला येतेय, तेव्हा सांगेन म्हणते. तुम्ही राग धरू नका."

"मी कसला राग धरतोय. जरा देता त्याला?"

खुडबुड झाली. मग तो ओळखीचा, खरखरीत आवाज.

"हॅलो. कोण बोलतंय?"

"जर्मनीहून बोलतोय."

"अरे वा. लांबून. बोला साहेब, काय काम काढलंत?"

यशवंतरावांनी मागे बघितलं. जीप थांबली होती.

"काम नाही. एक हकिगत सांगायची होती. वेळ आहे का तुम्हाला?"

"वेळच वेळ. बसूनच आहे."

"दोन दोस्त होते. एक होता राजाभाऊ म्हणून. पट्टीचा फिटर."

"माझ्याच नावाचा?"

"हो. आणि दुसरा येशा. तो जरा थापाड्या."

"असतो एखादा," राजाभाऊ म्हणाला.

"ते परदेशात गेले. तिथे वाळवंट होतं."

"वाळवंटात हो कशाला गेले?"

"गाड्या आपटायला. आणि एका वळणावर दोघंही पडले. तेव्हा राजाभाऊ खाली बसला, मुठीत वाळू घेतली…"

"इथे कोणीतरी आहे म्हणाला असेल," राजाभाऊ हसत म्हणाला. "मी असतो तर म्हणालो असतो."

यशवंतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय हो? थांबलात का? थापा दिसतायत, पण चांगल्या आहेत. सांगा, पुढे सांगा."

त्यांनी गाडी स्टँडवर लावली. स्टँड वाळूत रुतू लागला, म्हणून हेल्मेट काढून त्याच्याखाली दिलं, आणि चाकाला टेकून खाली बसले. मागे नोआकबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग जीपचं इंजिन बंद केलं.